सव्वा महिना

अठराव्या मजल्यावर शेगडी चढली
सर्व्हिस लिफ्टने, जुन्या चादरीत गुंडाळून.
वॉचमनने विचारलं, काय आहे?
देवकाबाई म्हणाल्या, बाळंतिणीचं सामान.
तो एवढा लाजला
की रजिस्टरात काहीच लिहिलं नाही.

कांजूरमार्गला थंडी ती काय असणार!
डिसेंबरात पहाटे खाडीकडून जरा गारवा येतो,
पंखा एकवर येतो, इतकंच.
सासऱ्यांनी ऑनलाइन मागवलेला हीटर होता, खोक्यातच.
देवकाबाईंनी तो पायाने बाजूला सारला.
"हा हवा तापवते.
मले हाडं शेकाची हायेत."

मग पोत्याचं तोंड सोडलं.
आत कोळसा नव्हता, लाकूड नव्हतं,
तपकिरी कांड्या होत्या, मनगटाएवढ्या,
मधोमध आरपार भोक.
जावई पवईच्या लॉन्ड्रीत बॉयलरवर,
तिथे ह्याच जळतात ट्रकाट्रकाने.
त्यातल्या ह्या, किलोला सोळा रुपये, रोख.

गोवरीच्या तुकड्यावर कापूर,
वर कांडी उभी.
धूर सरेस्तोवर गॅलरीत,
निखारा झाला की आत,
आणि खिडकी उघडी, कितीही वारा येवो.
खिडकी लागली की शेगडी बाहेर.
हा नियम सासूबाईंनाही लागू.

निखाऱ्यावर ओवा तडतडायचा, वावडिंग, बाळंतशेपा.
सुती घडी तापायची, आधी त्यांच्या गालावर,
मग माझ्या कंबरेवर.
तापल्या तळव्याने बाळाचं पोट
इतक्या हळू
जसं कुणी झाकण लावावं दुधाला.

नवव्या दिवशी एक कांडी हातातून सुटली,
फरशीवर मोडली.
आत सालीची कपची, लालसर,
आणि तिला चिकटलेला कापसाचा तंतू,
एवढ्या दाबातून, एवढ्या यंत्रातून
पांढराच राहिलेला.

देवकाबाईंनी ती उजेडाकडे धरली.
"पऱ्हाटी."
मी विचारलं, म्हणजे?
त्यांनी दोन्ही पंजे पुढे केले, पालथे नाही, उताणे.
"मारेगावच्या अंगाले. कापूस सरला का उपटाची.
चिमट्यानं. मुळी सोडत नाही जमीन.
घरची चूल पेटे तिच्यावर, फुकटात.
उरली का बांधावर आग लावून देत,
दोन दिवस गावाचे डोळे लाल."
कपची परत पोत्यात टाकली.
"तवा उपटाचे पैसे घेतले,
आता जाळाचे देतो."
आणि हसल्या. बाळ दचकलं इतक्या हसल्या.

मी बँकेत आहे, सवय जात नाही,
मनात रकाने पाडू लागले:
मजुरी, भुगा, दाब, गोणी, डिझेल, टोल,
आठशे किलोमीटर,
आणि शेवटच्या ओळीत
माझी कंबर.
बेरीज जमेना. दोन रकाने राहूनच जात होते,
त्यांचे हात एका बाजूला,
तेच हात दुसऱ्या बाजूला.

तेराव्या दिवशी सेक्रेटरी आले, कोरगावकर,
हातात नियमावली.
धुराची तक्रार आहे.
दारातून डोकावले. धूर नव्हता.
लाल निखारा, उघडी खिडकी, ओव्याचा वास.
चप्पल काढावी की नाही असे घुटमळले,
मग खालच्या आवाजात:
गुडघ्याला चालतं का हो हे?

पुढे रोज साडेअकराला
त्यांचं स्टूल गॅलरीत.
देवकाबाई त्यांना आप्पा म्हणत, आणि गप्प बसवत.

चाळिसाव्या दिवशी राख चाळली.
अर्धी माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीला,
अर्धी डब्यात, तांब्याचा गडू घासायला.
शेगडी चादरीत परत गेली.
पोत्यात तीन कांड्या उरल्या होत्या.
म्हटलं, न्या ना.
"राहू द्या. दुसऱ्या वक्ताले."
म्हटलं, दुसरं नाही हं, एकच.
त्यांनी ऐकलंच नाही,
पोत्याला गाठ मारली, घट्ट,
आणि ते ठेवून दिलं
हीटरच्या खोक्यावर.